डक कॉलसाठी मँड्रेल: घेण्याआधी भोक मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकडाचे डक कॉल, म्हणजे फुंकून बदकाचा आवाज काढायचे कॉल, लेथवर करायला नुकती सुरुवात झाली आहे. लेथ लहान, स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, बाहेरून १ इंच ८ आटे आणि आतून दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे निमुळतं भोक. बॅरलला, म्हणजे कॉलच्या फुंकायच्या नळीला, आरपार ५/८ इंचाचं भोक. पहिल्या तिन्ही बॅरलनी दगा दिला: उसन्या एक्स्पान्डिंग मँड्रेलवर (भोकात घालून बॅरल लेथवर धरायच्या, फुगणाऱ्या दांडीवर) एक उभं चिरलं, आणि साध्या रॉडवर कातलेल्या दोन्हींत इन्सर्ट, म्हणजे बॅरलमध्ये बसणारा कॉलचा दुसरा तुकडा, बसवल्यावर जोडावर पायरी लागते. आता पैसे घालून एकच मँड्रेल घ्यायचं, तर कोणतं?

तुम्ही विचारलंय मँड्रेलबद्दल, पण तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोष मँड्रेलच्या जातीचा दिसत नाही. मँड्रेलचं काम एवढंच असतं की भोकाचा मध्य धरून ठेवायचा आणि बाहेरची गोलाई त्याच मध्याभोवती कातू द्यायची. भोक लंबगोल असेल, तिरकं गेलं असेल किंवा मँड्रेलला सैल होत असेल, तर महागातलं महाग मँड्रेलसुद्धा तीच चूक बाहेरच्या गोलाईवर उतरवणार. म्हणून आधी भोकाचं बोलू, खरेदीचं नंतर.

आधी पायरीचं गणित. ५/८ इंच, म्हणजे पाच सूत, म्हणजे १५.८७५ मिमी. पण पाच सुताच्या ड्रिलने लाकडात पाच सुताचंच भोक पडतं असं नाही. ड्रिलची धार एका बाजूला जास्त असेल, ड्रिल चक किंचित हेलकावत असेल, तर भोक सहज ०.१ ते ०.२ मिमी मोठं निघतं. समजा ते १६.१ मिमी झालं आणि तुमचा रॉड १५.८७ आहे. मधे ०.२३ मिमीचा सैलपणा राहिला. बॅरल रॉडच्या एका अंगाला टेकून बसतं, मध्य ०.११ मिमीने सरकतो, आणि कातून झाल्यावर एका बाजूची भिंत समोरच्या बाजूपेक्षा ०.२३ मिमी जाड राहते. डोळ्यांना हे कळत नाही. नखाला लगेच कळतं.

दोष बॅरलचा की इन्सर्टचा, हे पाच मिनिटांत पाहता येतं. इन्सर्ट बॅरलमध्ये पूर्ण बसवा आणि जोडावरून आडवं नख फिरवत एक फेरा घ्या. नख सगळ्यात जास्त अडतं तिथे बॅरलवर एक आणि इन्सर्टवर एक अशी पेन्सिलची रेघ मारा. आता इन्सर्ट अर्धा फेरा वळवून पुन्हा नख फिरवा. पायरी बॅरलच्या रेघेपाशीच राहिली असेल तर बॅरलची बाहेरची गोलाई भोकाशी जुळत नाही. पायरी इन्सर्टच्या रेघेबरोबर सरकली असेल तर इन्सर्टचं टेनन, म्हणजे बॅरलच्या आत बसणारा भाग, त्याच्या बाहेरच्या गोलाईशी जुळत नाही. आणि इन्सर्ट एका स्थितीत असताना पायरी जवळजवळ नाहीशी होऊन अर्धा फेरा वळवल्यावर दुप्पट होत असेल, तर दोन्हींत चूक आहे. हे न पाहता मँड्रेल बदललंत आणि दोष इन्सर्टचा निघाला, तर पायरी होती तिथेच राहील.

भोक ठोकळ्याच्या बरोबर मध्यभागी नाही म्हणून पुष्कळ जण ठोकळा टाकून देतात. तो टाकू नका. बॅरल भोकाभोवती कातलं जातं, ठोकळ्याच्या चौरसाभोवती नाही. भोक मध्यापासून दोन मिमी बाजूला असलं तरी अंगावर पुरेसं लाकूड असेल तर काहीच बिघडत नाही. सांभाळायच्या गोष्टी तीन: भोक सरळ असावं, गोल असावं, आणि त्याचं माप दर वेळी तेच यावं.

त्यासाठी भोक लेथवरच पाडा. ठोकळा चार जबड्यांच्या चकमध्ये धरा आणि मोकळं तोंड स्क्यूने, म्हणजे तिरप्या धारेच्या पटाशीने, साफ, काटकोनात करा. या तोंडाकडे लोक दुर्लक्ष करतात. त्याचं महत्त्व पुढे रॉडच्या वेळी कळेल. मग सेंटर ड्रिलने खळगा करा. खळगा नसेल तर ड्रिल लाकडाच्या मऊ रेषेकडे ओढलं जातं आणि भोक आत जाता जाता वाकतं. टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार, रेषेत आहे ना, हेही एकदा पाहून ठेवा: दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर लावून टोकं एकमेकांजवळ आणली की चूक असेल तर लगेच दिसते. लेथ मिनिटाला ४०० ते ६०० फेऱ्यांवर ठेवा आणि दर १० मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढून भुसा झाडा. भुसा अडकला की ड्रिल तापतं, भोकाच्या भिंती करपतात आणि माप वाढतं. कोकोबोलोसारखं तेलकट, घट्ट लाकूड तापलं की आतून बारीक चिरतं. त्या चिरा तेव्हा दिसत नाहीत, बॅरल पातळ झाल्यावर उघड्या पडतात.

दर वेळी तेच माप हवं असेल तर शेवटचा हात रीमरचा, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराचा, द्या. ३९/६४ इंच, म्हणजे १५.४८ मिमीचं ड्रिल घालायचं आणि उरलेले ०.४ मिमी ५/८ च्या रीमरने काढायचे. रीमर टेलस्टॉकमध्ये धरून अगदी हळू आत घालावा. माझ्या मते सुरुवातीला जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते मँड्रेलच्या आधी रीमरवर घालावेत. भोकाचं माप पक्कं झालं की स्वस्त रॉडही नेमका बसतो.

लाकूड किती वाळलंय यावरही पुष्कळ अवलंबून आहे. लाकूड वार्षिक वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसतं. म्हणून अर्धवट ओल्या लाकडात आज पाडलेलं गोल भोक महिन्याभराने लंबगोल होतं. ठोकळ्याबद्दल खात्री नसेल तर आधी अर्ध्या इंचाचं भोक पाडून काही आठवडे बाजूला ठेवा आणि मग पाच सुतापर्यंत न्या. भोक लंबगोल आहे का हे पाहायला व्हर्नियरच्या आतल्या चोचींनी एक माप घ्यायचं, ठोकळा पाव फेरा वळवून दुसरं. दोन्हींत ०.१ मिमीहून जास्त फरक आला तर तसंच मँड्रेलवर चढवू नका, आधी रीमर फिरवा.

आता मँड्रेलकडे. पेनसाठी मिळणारा लांब रॉडवाला मँड्रेल बुश (रॉडवर चढवायच्या कड्या) बदलून कॉलला वापरता येतो, पण मी तो सुचवणार नाही. तो रॉड जेमतेम ६.३ मिमी जाड असतो. रॉडचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे पाच सुताचा रॉड त्याच्यापेक्षा सुमारे ४० पट कडक. दीड इंची चौकोनी ठोकळ्याचे कोपरे काढताना पेनचा रॉड लवतो, आणि टेलस्टॉक जास्त आवळला तर मधे फुगतो. बॅरल लंबगोल व्हायला तेवढं पुरतं.

दोन्ही बाजूंना ६० अंशांचे शंकू लावून मधे बॅरल दाबून कातायची पद्धत सगळ्यात स्वस्त. शंकू भोकाच्या कडांवर बसत असल्यामुळे भोक थोडं मोठं असलं तरी मध्य बरोबर मिळतो. पण शंकू कडेला आतून बाहेर रेटतो, आणि पातळ झालेलं तोंड त्या दाबाने चिरतं. ओबडधोबड आकार काढायला ही पद्धत चांगली, शेवटच्या हाताला नाही.

लाकडाचा जॅम चकही विसरू नका. कठीण लाकडाचा तुकडा चकमध्ये धरून त्यावर अगदी थोडा निमुळता टेनन कातायचा, ७५ मिमी लांबीत ०.२ मिमीएवढा, आणि बॅरल त्यावर दाबून बसवायचं. चकमधून काढला नाही तोवर तो लेथच्या मध्याशी तंतोतंत असतो. एकदा काढून पुन्हा लावला की ती नेमकेपणाची खात्री गेली; मग वरून एक हलका हात कातून घ्यावा लागतो. एखाददुसऱ्या कॉलला हे पुरतं. पंचवीस करायचे तर दर वेळी नवा टेनन कातायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की बसवण्यात ढिलाई होते.

एक्स्पान्डिंग मँड्रेलमध्ये चिरा पाडलेली नळी असते आणि आतला निमुळता गाभा आवळला की ती फुगून भोकाच्या भिंतीला धरते. काही प्रकारांत नळीऐवजी रबर दाबून फुगवतात. भोकाच्या मापात थोडा कमीजास्तपणा असला तरी हे मँड्रेल सांभाळून घेतं आणि टेलस्टॉकशिवायही धरून ठेवतं, म्हणून ते लोकप्रिय आहे. तुमचं बॅरल मात्र बहुधा त्याच गुणामुळे चिरलं. तुम्ही नट आवळलात तेव्हा ठोकळा ३८ मिमी जाड होता, भोकाभोवती अकरा मिमी लाकूड होतं. कातत कातत तोंडाशी भिंत तीन मिमीवर आली, पण आतून रेटणारी पकड तेवढीच राहिली. रेषेला आडवं ताणलं की लाकूड सहज फाटतं, आणि फुगणारी नळी नेमकी तशीच ताणते. त्यात पॉलिश पेपरची ऊब आली की पातळ भिंत वाळते, आकसते आणि रेषेच्या दिशेने उभी चीर जाते. चीर कातताना न पडता पॉलिश करताना पडली असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच.

त्यावर उपाय साधा आहे. ओबडधोबड गोलाई झाली की लेथ थांबवा, नट पाव फेरा सैल करा, बॅरल हाताने घट्ट पकडून वळवून पाहा. हाताने फिरत नसेल तर पकड पुरेशी आहे. भिंत चार मिमीच्या आसपास आली की पुन्हा तसंच. आणि टेलस्टॉकचा शंकू हलका टेकवून ठेवा, म्हणजे सगळा भार नळीवर येत नाही.

राहिला साधा खांद्याचा रॉड: पाच सुताचा ग्राउंड, म्हणजे घासून नेमक्या मापाला आणलेला, रॉड, एका टोकाला खांदा, म्हणजे बॅरल अडेल अशी जाड कड, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकच्या फिरत्या सेंटरसाठी खळगा. बॅरल खांद्याला टेकवायचं, दुसऱ्या बाजूने रॉडवर सरकणारा बुश आणि त्यामागे फिरता सेंटर. इथे पकड बॅरलच्या दोन तोंडांवर असते, भिंतीवर आतून रेटा नसतो, म्हणून बॅरल चिरत नाही. पण तोंडं काटकोनात हवीत. एक तोंड तिरपं असेल तर टेलस्टॉक आवळला की खांदा एकाच कडेला टेकतो, रॉड किंचित वाकतो, आणि बॅरल वाकलेल्या रॉडभोवती कातलं जातं. सुटं केल्यावर रॉड सरळ होतो, बॅरलची गोलाई मात्र तशीच तिरकी राहते. तुमच्या दोन बॅरलपैकी निदान एकात हे झालं असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

एवढं लक्षात घेतलं तर माझी निवड ही: स्पिंडलच्या आट्यावर बसणारा ईआर ३२ मापाचा कोलेट चक आणि त्यात धरायला खांद्याचा ५/८ रॉड. कोलेट म्हणजे आवळल्यावर गोल दांडी सगळीकडून धरणारी, चिरा पाडलेली नळी. ईआर ३२ कोलेट २० मिमीपर्यंत धरतात. १५ ते १६ मिमीचं कोलेट पाच सुताला बरोबर बसतं. ईआर २५ ची मजल १६ मिमीपर्यंतच असते. तिथे पाच सूत अगदी काठावर बसतं, आणि पुढे ३/४ इंची गूज कॉलकडे, म्हणजे हंसाच्या आवाजाच्या कॉलकडे, वळलात तर तो चक कमी पडेल.

मोर्स टेपरचं मँड्रेल थेट स्पिंडलमध्ये का नको, तर टेपर फक्त घर्षणावर धरतो. टेलस्टॉक लावलेला असेपर्यंत ठीक. तो मागे घेतला आणि कातताना थरथर झाली की टेपर सुटून मँड्रेल बाहेर येऊ शकतं. त्यासाठी स्पिंडलच्या मागून ड्रॉबार, म्हणजे टेपर ओढून धरणारा लांब बोल्ट, घालून आवळावा लागतो. तुमच्याकडे असं मँड्रेल आधीच असेल तर खुशाल वापरा, पण ड्रॉबारसकट. आणि दर वेळी टेपरची आतली भिंत कापडाने पुसा, कारण भुशाचा एक कण दाबला गेला तरी मँड्रेलचं टोक हेलकावायला लागतं.

कोलेट चकचा मोठा फायदा मात्र बॅरलपेक्षा इन्सर्टला आहे. अर्कान्सॉ पद्धतीच्या कॉलमध्ये इन्सर्ट आणि टोन बोर्ड, म्हणजे रीडची (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीची) बैठक, एकाच तुकड्याचे असतात. त्यात ५/८ चं टेनन लांब असतं, आणि रीडसाठीचा टोन बोर्ड त्याच टेननमधून पुढे कापून काढतात. म्हणजे बाहेरचा आकार करताना ते टेनन धरायला आयतं मिळतं. क्रम असा: इन्सर्टचा ठोकळा आवाज बाहेर पडायच्या बाजूने जबड्यांच्या चकमध्ये धरा, टेनन मापावर कातून घ्या, ओ-रिंगच्या (रबरी कडीच्या) खाचा तिथेच पाडा. मग तुकडा उलटवून टेनन कोलेटमध्ये धरा आणि बाहेरचा आकार करा. टेनन आणि बाहेरची गोलाई एकाच मध्याभोवती येतात, आणि इन्सर्टच्या बाजूने पायरीचं कारण उरत नाही.

यात दोन चुका होतात. पहिली, टोन बोर्ड आधी कापून मग टेनन कोलेटमध्ये धरणं. अर्धगोल उरलेलं टेनन कोलेट चुरडतं, म्हणून टोन बोर्ड सगळ्यात शेवटी. दुसरी, टेनन कोलेटमध्ये जेमतेम दहा मिमी घालणं. कोलेटची निदान दोन तृतीयांश लांबी भरली पाहिजे, नाहीतर ते मागे मिटतं, पुढे उघडं राहतं आणि टोक डुलतं. मऊ लाकडावर कोलेटच्या चिरांचे वळ उठतात. पातळ कागदाचा एक वेढा घातला की उठत नाहीत.

हे सगळं ५/८ च्या आरपार भोकाबद्दल झालं. तोंडाकडचं भोक लहान आणि इन्सर्टकडचं मोठं अशी पायरीची बॅरल करणार असाल तर सरळ रॉड आरपार जाणार नाही. तिथे इन्सर्टच्या बाजूने आखूड एक्स्पान्डिंग मँड्रेल आणि तोंडाला फिरता शंकू हीच जोडी बरी. गूज कॉलमध्ये तयार गट्स, म्हणजे आवाज काढणारे आतले भाग, बसवणार असाल तर भोक आणि मँड्रेल दोन्ही त्या गट्सच्या मापावर ठरतील, आणि गट्स हातात येईपर्यंत काहीच घेऊ नका.

चक आणल्यावर पहिलं काम डायल गेज, म्हणजे बारीक हेलकावा काट्याने दाखवणारं मापक, लावायचं. रॉड कोलेटमध्ये धरा, बाहेर ८५ मिमीवर गेजचं टोक टेकवा, स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला तर उत्तम, ०.१ पर्यंत निभावतं. जास्त हलला तर चक परत करण्याआधी कोलेट नटमध्ये नीट टचकन बसलंय का पाहा. कोलेट आधी नटमध्ये बसवायचं आणि मग दोन्ही मिळून चकवर चढवायचे. कोलेट सुटं चकमध्ये टाकून वरून नट आवळला की ते तिरकं बसतं. तरीही हलत असेल तर स्पिंडलच्या खांद्यावर, आट्यांच्या मुळाशी, भुसा चिकटलाय का बघा.

रॉड तुमच्या भोकात किंचित सैल होतो असं दिसलं तर रॉड बदलायची घाई नको. साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, एका वेढ्याने रॉडचा व्यास ०.२ मिमीने वाढतो. खांद्याजवळ आणि दुसऱ्या टोकाजवळ बोटभर रुंदीची पट्टी गुंडाळा, कागदाची टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. बॅरल हाताने दाबून सरकलं पाहिजे, ठोकावं लागता कामा नये.

कातताना ठोकळ्याचे कोपरे जाईपर्यंत मिनिटाला हजारेक फेऱ्या, गोल झाल्यावर दोन हजारांच्या आसपास. पितळी पट्टी बसवणार असाल तर तिची बैठक बॅरल रॉडवर असतानाच काता, आणि पट्टी चिकटवल्यावर पुन्हा त्याच रॉडवर चढवून ती लाकडाशी सपाट करा. पॉलिश पेपर लावताना वेग निम्मा करा आणि अधूनमधून बॅरलला बोट लावून पाहा. बोट ठेववत नसेल तर थांबा. सुपरग्लूचा हात देणार असाल तर खांद्याला आणि बुशला आधी मेण चोळा, नाहीतर बॅरल स्टीलला चिकटतं आणि काढताना कडेचा टवका उडतो. अशा कामासाठी प्लास्टिकचे बुश ठेवले तर आणखी चांगलं, त्यांना सुपरग्लू फारसा चिकटत नाही. चष्मा आणि मास्क दोन्ही लावा. कोकोबोलोच्या भुशाची अनेकांना ॲलर्जी होते.

राहता राहिली ओठ टेकतो ती कड. बॅरल खांदा आणि बुशच्या मधे असताना तिथे पटाशी पोचत नाही. त्यासाठी बॅरल उलटवून जॅम चकवर इन्सर्टच्या बाजूने बसवा आणि तोंडाची कड अगदी हलक्या हाताने आत-बाहेर गोल करा. असे कॉल पंचवीसहून जास्त होणार असतील, तर या एका कामासाठी पुढे एक्स्पान्डिंग मँड्रेल घ्यायला हरकत नाही, नट बोटांनी आवळता येईल तेवढाच आवळून.